एसेनची कोळसा खाण पाहायची कशी? त्सोलफेराइन, कोळशाच्या वाटेने

[कॅमेऱ्यासमोर]

नमस्कार मंडळी. जर्मनीच्या सहलीत बर्लिन असतं, म्युनिक असतं, कोलोनचं कॅथेड्रल असतं. कोलोनहून रेल्वेने तासाभरावर असलेलं एसेन मात्र बहुतेकांच्या यादीत नसतं. रुहर खोऱ्यातलं हे शहर कोळसा आणि पोलादावर वाढलं. आज तिथे एकही खाण चालू नाही. पण बंद पडलेली एक खाण इतकी नीट जपली आहे की युनेस्कोने 2001 साली तिला जागतिक वारसा जाहीर केलं. तिचं नाव त्सोलफेराइन. पाटीवरचं स्पेलिंग झेडने सुरू होतं, तेव्हा ‘झोल’ शोधा.

बरेच जण इथे येतात, समोरच्या लोखंडी मनोऱ्याचा फोटो काढतात आणि तासाभरात परत फिरतात. खाण त्यांना कळतच नाही. जमिनीखालून निघालेला कोळसा ज्या वाटेने गेला, त्याच वाटेने आपण चालायचं. म्हणजे आधी शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरणारी उभी विहीर, मग वॉशरी, म्हणजे कोळशातला दगड वेगळा करायची इमारत, मग कोक भट्ट्या.

[नकाशा: एसेन स्टेशन ते त्सोलफेराइन]

एसेनच्या मुख्य स्टेशनखालून 107 नंबरची ट्राम सुटते. ती स्टेशनपाशी भुयारातून जाते, म्हणून रस्त्यावर शोधत बसू नका, खाली उतरा. पाटीवर गेल्झेनकिर्शेनची दिशा बघूनच चढा. साधारण वीस मिनिटांत ‘त्सोलफेराइन’ थांबा येतो. तिकीट काढलं आणि त्यावर वेळेचा शिक्का नसेल, तर मशीनमध्ये मारून घ्या. शिक्का राहिला तर खिशात तिकीट असूनही 60 युरो दंड होऊ शकतो.

[दृश्य: हेडगिअर]

समोर दिसतो तो हेडगिअर. चंद्रपूर, बल्लारपूरकडच्या मंडळींना हा शब्द नवा नाही: खाणीतून पिंजरा वर ओढणारा मनोरा. याची उंची 55 मीटर. फ्रिट्झ शुप आणि मार्टिन क्रेमर या वास्तुविशारदांनी आखलेला हा शाफ्ट 12 सुरू झाला 1932 मध्ये. खाण मात्र त्याच्या कितीतरी आधीची, 1847 सालची. आसपासच्या शाफ्टमधला कोळसा जमिनीखालूनच इथे आणायचा आणि एकाच ठिकाणाहून वर काढायचा, अशी योजना होती. दिवसाला 12,000 टन. कामगार मात्र जुन्याच शाफ्टमधून खाली उतरत. शाफ्ट 12 फक्त कोळशासाठी होता.

इमारतींकडे जरा निरखून बघा. लोखंडी सांगाडा बाहेरूनच दिसतो आणि मधल्या चौकटी विटांनी भरल्या आहेत. सगळं काटेकोर सममितीत. जगातली सर्वांत सुंदर कोळसा खाण म्हणतात ती याचमुळे, आणि मला ते पटतं.

[दृश्य: नारिंगी सरकता जिना]

आता वॉशरी. बाहेरून एक लांबलचक सरकता जिना थेट 24 मीटर उंचीवर नेतो. या इमारतीत आता रुहर संग्रहालय आहे. त्याचं तिकीट वर मिळतं, खाली खिडकी शोधू नका. दारच इतक्या उंचावर का, ते नीट समजून घ्या. कच्चा कोळसा पट्ट्यांवरून आधी वर चढवत आणि मग एकेका मजल्यावर प्रक्रिया करत खाली सोडत. निम्मं काम गुरुत्वाकर्षणच करायचं. कोळशात दगड मिसळलेला असतो. दगड जड, कोळसा हलका. हे मिश्रण पाण्यात घालून पाणी वरखाली हलवलं की दगड तळाशी बसतो आणि कोळसा वर राहतो.

ती यंत्रं अजून जागेवर आहेत. संग्रहालयही तसंच, वरून खाली उतरत बघायचं. मधल्या जिन्याला नारिंगी रंग आणि कठड्यातून येणारा उजेड असा आहे की वितळलेलं पोलाद पायऱ्यांवरून ओघळतंय असं वाटतं. इथे किमान दोन तास ठेवा. गच्चीवर वारा असतो, जाकीट जवळ असू द्या.

यंत्रांची आतून माहिती हवी असेल तर मार्गदर्शकाबरोबरची फेरी घ्या. बहुतेक फेऱ्या जर्मनमध्ये असतात. इंग्रजी फेरीची वेळ आधी बघून ऑनलाइन जागा धरा. आयत्या वेळी गेलं की हमखास चुकते.

[दृश्य: कोक भट्ट्या]

आणि आता लोक सोडून देतात तो भाग. शाफ्टपासून पंधरा-वीस मिनिटं चाललं की कोक कारखाना येतो. एका रांगेत 304 भट्ट्या! प्रत्येक भट्टी उंच, खोल, पण रुंदीला अर्ध्या मीटरच्या आसपास. अरुंद अशासाठी, की दोन्ही भिंतींची उष्णता मधल्या कोळशापर्यंत पोहोचली पाहिजे. हवा न लागू देता हजार अंशांच्या वर तापवला की कोळशातला वायू आणि डांबर निघून जातं आणि उरतो कोक. लोखंड बनवणाऱ्या झोतभट्टीला तोच लागतो. लालबुंद कोक बाहेर ढकलून त्यावर लगेच पाणी मारत, नाहीतर हवेत तो जळून जाईल.

खाण 1986 च्या डिसेंबरमध्ये थांबली, हा कारखाना 1993 मध्ये. तो चीनला विकायची बोलणी झाली होती. ती फिसकटली म्हणून आज आपल्याला बघायला मिळतोय. हिवाळ्यात इथे भट्ट्यांच्या कडेने बर्फावर स्केटिंग चालतं, आणि अंधार पडल्यावर लाल दिवे लागतात. शक्य असेल तर संध्याकाळपर्यंत थांबाच.

[कॅमेऱ्यासमोर]

दुसरा दिवस असेल तर स्टेशनजवळच्या कॅथेड्रलमध्ये जा. तिथली सोन्याच्या पत्र्याने मढवलेली मारियाची, म्हणजे येशूच्या आईची, मूर्ती साधारण 980 सालची आहे, कोळशाच्या कितीतरी आधीची. चारही बाजूंनी घडवलेली मारियाची इतकी जुनी मूर्ती दुसरी शिल्लक नाही. त्यानंतर फोल्कवांग कलासंग्रहालय, कायमचा संग्रह फुकट. पोलाद उद्योगातल्या क्रुप घराण्याचा वाडा, व्हिला ह्यूगल, हवा असेल तर एस 6 या लोकल गाडीने एसेन-ह्यूगल स्टेशनवर उतरा. पण निघण्यापूर्वी तो उघडा आहे का ते बघा.

फोल्कवांग आणि व्हिला दोन्ही सोमवारी बंद असतात. रुहर संग्रहालय सोमवारीही उघडं असतं आणि त्सोलफेराइनचा बाहेरचा परिसर तर कधीही, फुकट. तेव्हा सोमवारी एसेनला पोहोचत असाल तर खाण आधी, बाकीचं मंगळवारी.