हिरव्या कापडाचे दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

वळवाने एकदोनदा हजेरी लावून झाली आहे, मृग तोंडावर आहे, आणि घरोघरी पत्रे, कौलं, छत्र्या यांची पाहणी सुरू आहे. याच सुमाराला चर्चमध्येही एक बदल होतो. वेदीवरचं कापड बदलतं. पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या रविवारी ते तांबडं असतं. तो सण सरला की हिरवं कापड चढतं आणि मधले काही सणवार सोडले तर थेट नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत, नाताळच्या तयारीचा आगमनकाळ लागेपर्यंत, हिरवंच राहतं. उपासनेच्या वर्षातले हे साधे दिवस. ना नाताळ, ना ईस्टर. रंगांची ही रीत ठरली युरोपात, पण ती आपल्या पावसाळ्याला अशी काही जुळली आहे की शिवार आणि वेदी एकदमच हिरवी होतात.

मला आज बोलायचं आहे ते या साध्या दिवसांतल्या सेवेबद्दल. पुन्हा सांगतो, साध्या दिवसांतल्या.

कारण नाताळात सेवा आपोआप होते. थंडी असते, हातात थोडा पैसा असतो, मन मोठं झालेलं असतं. ब्लँकेटं वाटली जातात, अनाथाश्रमात केक जातो, फोटो निघतात. आता फोटोचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. ब्लँकेट देताना देणारे आठ जण आणि घेणारी एक म्हातारी, आणि नवांनी मिळून त्या ब्लँकेटला हात लावलेला, असा फोटो मला बघवत नाही. म्हातारी कॅमेऱ्याकडे बघत नसते. ती ब्लँकेट कधी सुटतं याची वाट बघत असते. असो.

नाताळानंतर येतो उपवासकाळ. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळून चाळीस दिवस. कोणी मटण-मासे सोडतं, कोणी चहा सोडतं. सोडलेल्या जिनसांचे पैसे डब्यात टाकायचे आणि गरजूंना द्यायचे, ही चांगली चाल अनेक घरांत आहे. यशया संदेष्ट्याने तर अठ्ठावन्नाव्या अध्यायात उपवासाची व्याख्याच करून टाकली आहे: भुकेल्याला आपल्या अन्नातला वाटा दे, बेघराला घरात घे. म्हणजे या दोन्ही काळांत आपल्याला आठवण करून द्यायला कोणीतरी असतं. कॅलेंडर असतं, पाळक असतात, डबा असतो. जून ते नोव्हेंबर मात्र कोणी आठवण करून देत नाही. म्हणून या दिवसांची काळजी.

आता एक हकिकत सांगतो. माझी फार आवडती आहे. ज्यांनी ती माझ्या तोंडून आधी ऐकली असेल त्यांनी तोवर चहा ठेवावा.

पंडिता रमाबाईंचं नाव आपल्याला माहीत असतं ते विधवांसाठी काढलेलं शारदा सदन आणि निराधार बायका-मुलींसाठीचं मुक्तिसदन यांच्यामुळे. ही हकिकत त्याच्या कितीतरी आधीची, 1874 ची. रमाबाईंचा जन्म 1858 चा, म्हणजे तेव्हा त्या सोळा वर्षांच्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी लोकांचे बोल खाल्ले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत पुराण सांगून पोट भरायचं. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते संपलं. अंगावरचं किडूकमिडूक, भांडी, सगळं गेलं. दुसरं काही काम करायची सवय नाही, आणि ओळखीच्या माणसांत भीक मागायची लाज. तेव्हा हे सगळे चक्क मरायला म्हणून रानात गेले. तिथे अकरा दिवस काढले. पाणी, झाडपाला आणि मूठभर रानटी खजूर, एवढ्यावर.

वडील तोवर आंधळे झाले होते. त्यांनी जवळच्या पवित्र तळ्यात देह टाकायचं ठरवलं आणि एकेकाचा निरोप घेतला. रमा सगळ्यांत धाकटी, तिची पाळी शेवटी. त्यांनी तिला जवळ घेतलं, डोक्यावरून, गालांवरून हात फिरवला आणि बजावलं, सन्मार्ग सोडू नकोस, जन्मभर देवाची सेवा कर. तेवढ्यात थोरला भाऊ श्रीनिवास पुढे झाला. म्हणाला, जातीचा अभिमान गेला खड्ड्यात, मी मजुरी करीन, पण तुम्हाला जगवीन. हे शब्द माझे झाले, अर्थ मात्र त्याचाच. तळ्यात उतरणं राहून गेलं. तरी उपासमारीने व्हायचं ते झालंच. थोड्याच दिवसांत वडील गेले.

मग आईने अंथरूण धरलं. अंगात ताप, मधूनच भ्रम. शुद्धीवर आली की खायला मागायची. शेवटी रमा शेजारच्या एका ब्राह्मण घरी गेली, बाजरीच्या भाकरीचा एक तुकडा मागायला. श्रोतेहो, फक्त एक तुकडा. ती दारात उभी राहिली. घरातल्या बाईने मायेने तिच्याकडे पाहिलं. आणि या मुलीला, जिला पुराणं आणि हजारो श्लोक मुखोद्गत होते, तिला एक शब्द बोलता येईना. डोळ्यांतलं पाणी दिसू द्यायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पाणी तिने अडवलं, तर ते नाकावाटे वाहायला लागलं. हे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे, अगदी असंच. दुःखाचं वर्णन करताना नाकाबद्दल कोण लिहितं? जिने ते खरंच सोसलंय, तीच लिहिते.

त्या बाईने चेहरा वाचला. तिने आपण होऊन विचारलं, काही खायला हवंय का गं? तेव्हा कुठे रमाच्या तोंडून निघालं, हो, भाकरीचा तुकडा हवाय. बाईने दिला. आभार मानायलाही रमाला शब्द सुचले नाहीत. ती धावत आईकडे गेली. पण आईला तो तुकडा खाता आला नाही, अंगात तेवढं त्राणच उरलं नव्हतं. काही दिवसांनी ती गेली. खांदा द्यायला पुरेशी माणसं नव्हती. दोघं कोणी मिळाले, भाऊ होता, आणि चौथी रमा. ती इतकी ठेंगणी की तिला आपल्या बाजूचं ओझं डोक्यावर घ्यावं लागलं.

आता बावीस वर्षं पुढे या. मधल्या काळात रमाबाईंना कलकत्त्यात पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. त्यांचं लग्न झालं, त्यांना वैधव्य आलं. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढे ते पुण्याला आणलं. आणि मग 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून बातम्या यायला लागल्या, माणसं रस्त्यावर मरताहेत. सदनाचा खर्च आधीच जड. जाऊ नये याला शंभर कारणं होती. रमाबाईंना स्वतःचे भुकेचे दिवस आठवले आणि त्या निघाल्या. तिकडून त्यांनी उपाशी मुली आणि बायका आणल्या, हळूहळू तीनशेच्या घरात. पुण्यात तेव्हा प्लेग. शहरात नव्या मुली ठेवायला परवानगी मिळेना. तेव्हा दौंडजवळ केडगावला आधीच घेतलेली जमीन होती, तिथे झोपड्या उभारून त्यांना नेलं. तेच आपलं मुक्तिसदन. पुढे तिथे विणकाम आलं, तेलाचा घाणा आला, छापखाना आला. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत केलेल्या बायबलच्या छपाईचे खिळे तिथल्या मुलींच्याच हातांनी जुळवले. बाई 5 एप्रिल 1922 ला गेल्या, पण केडगावचं काम आजही चालू आहे.

मी ही हकिकत इतकी लांबवली ती त्या शेजारणीसाठी. तिचं नाव कोणाला माहीत नाही. ती ख्रिस्ती नव्हती. तिने जन्मात कधी शुभवर्तमान ऐकलं असेल असंही नाही. पण मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू म्हणतो ना, मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिलं, ते तिने केलं. आणि तिथले नीतिमान लोक चकित होऊन विचारतात, प्रभू, आम्ही तुला भुकेलेला कधी पाहिलं? त्यांना माहीतच नसतं. या शेजारणीलाही माहीत नव्हतं. मागणारीने तोंड उघडायच्या आधी तिने विचारलं. एवढंच लक्षात ठेवा. मागायच्या आधी विचारलं.

नाही तर आपलं एक ठरलेलं वाक्य आहे. "काही लागलं तर सांगा हं." आजाऱ्याकडे गेलो, सांगा हं. कोणाची नोकरी गेली, सांगा हं. श्रोतेहो, कोणी सांगत नाही. मागायला तोंड उघडत नाही, हे आत्ताच आपण ऐकलं. याकोबाच्या पत्रात हाच माणूस भेटतो. उघड्या-उपाशी भावाला तो म्हणतो, सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो. आणि देत काहीच नाही.

तेव्हा हिरव्या दिवसांत चेहरे कुठे वाचायचे? जूनमध्ये शाळा उघडतात. वह्या-दप्तर घेता आलं नाही म्हणून पहिले काही दिवस मूल घरीच ठेवणारी आई आपल्या चर्चच्या मंडळीत असते, ती काही बोलत नाही. जुलैत पेरणीसाठी घेतलेल्या हातउसन्या पैशांचा घोर असतो, आणि पाऊस लांबला तर दुबार पेरणीचा. ऑगस्टात तापाची साथ. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याच्या छपरातून गळायला लागतं आणि तो रात्रभर भांडी सरकवत बसतो. याला समिती लागत नाही, ठराव लागत नाही. एक ताडपत्री आणि शिडीवर चढता येणारा एक तरुण लागतो.

मग सुगी. गावाकडच्या मंडळ्यांत सुगीच्या उपासनेला पहिलं पीक वेदीपाशी येतं. ज्वारी, भुईमूग, भोपळे, पाय बांधलेली कोंबडी. नंतर अंगणात लिलाव. त्यात घेणारा वस्तू पुन्हा देऊन टाकतो, पुन्हा बोली लागते, आणि एकच भोपळा चारदा विकला जातो. इतकी हसतखेळत वर्गणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. या प्रसंगी गाणी मात्र पेटी-तबल्यावरच व्हावीत असं माझं मत आहे. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं कीबोर्डच्या तयार ठेक्यावर वाजवली की ती ओळखू येत नाहीत. टिळकांनी 1917 साली साताऱ्यात देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, तेव्हा बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोघांनाही त्यात जागा ठेवली होती. त्या शेजारणीलाही तिथे जागा मिळाली असती.

दिवाळीच्या मागेपुढे ऊसतोडीच्या टोळ्या येतात. फडाच्या कडेला कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडतात. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली असते, ती फिटेपर्यंत कोयता चालतो. पहाटेच्या थंडीत बाई फडात जाते आणि तान्हं मूल बांधावर झोळीत असतं. नाताळची गाणी म्हणत आपण रात्री घरोघर फिरतो, त्या फेरीत या कोप्या सहसा येत नाहीत. बेथलेहेमात उतारशाळेत जागा नव्हती, ही गोष्ट आपण दर वर्षी रंगवून सांगतो. कोप्यांवर जायचं तर नुसता केक नेऊ नका. सोबत एखादी शिकलेली मुलगी न्या. तिथल्या पोरांची शाळा सुटलेली असते.

थोडं मिरजेबद्दल. डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये तिथे इस्पितळ उघडलं. आजार ऋतू बघून येत नाही, म्हणून दवाखान्याला सणाचा हंगाम नसतो, बाराही महिने तेच काम. परिचारिका, वॉर्डातली मावशी, रात्रपाळीचा वॉर्डबॉय, यांच्यासाठी आपल्या प्रार्थनांत फार कमी वेळ असतो. मला ते खटकतं.

वेळ होत आली. येत्या रविवारी उपासना संपली की दारात चहा आणि गप्पा चालतात, तेव्हा जरा इकडेतिकडे बघा. चहाला न थांबता कोण लगबगीने निघून जातंय? सोमवारी त्यांच्याकडे जा. "काही लागलं तर सांगा" म्हणू नका. त्यांच्या घरात काय संपलंय ते बघा आणि ते घेऊन मंगळवारी पुन्हा जा. बसू नका फार वेळ, पावसाचे दिवस आहेत, त्यांनाही कामं असतात.

नमस्कार.