पेंग्विन मोठे झाले ते बर्फामुळे नाही

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'बुडी मारणाऱ्या पक्ष्यांचं आकारमान'. त्याकडे येतोच, पण आधी एका हाडाबद्दल बोलू द्या.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर काकानुई म्हणून ठिकाण आहे. तिथल्या चुनखडीतलं एक हाड वॉल्टर मँटेल यांच्या हाती लागलं. इग्वानोडॉन या डायनोसॉरला नाव देणाऱ्या गिडियन मँटेल यांचे हे चिरंजीव, म्हणजे हाडांची ओढ घराण्यातलीच. पुढे ते हाड लंडनला पोहोचलं आणि १८५९ साली इंग्रज जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सली यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. कवटी नाही, पंख नाही, फक्त घोट्याखालचं एक हाड! पक्ष्यांत हे हाड तीन हाडं जुळून बनतं. पेंग्विनमध्ये ते आखूड, रुंद असतं आणि जोडाच्या खाचा स्पष्ट दिसतात. तेवढ्यावरून हक्सलींनी ओळखलं की हा पेंग्विन, आणि चांगलाच दांडगा. जीवाश्म पेंग्विनांचा अभ्यास तिथून सुरू झाला.

आता माझी जुनी तक्रार. राणीच्या बागेतले पेंग्विन किती जणांनी पाहिलेत? बरेच हात वर आहेत, छान. काचेपुढे उभे राहून मुलांना 'हा बर्फातला पक्षी' असं किती जणांनी सांगितलं? हात पटापट खाली आले! अहो, ते हंबोल्ट पेंग्विन, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्या किनाऱ्याला लागून वाळवंट आहे. गॅलापागोसचे पेंग्विन तर विषुववृत्तावर राहतात. तरी पुस्तकांत, टीव्हीवर पेंग्विन म्हटलं की बर्फ, आणि त्याचं अंग थोराड का, तर थंडी. याचा मला मनापासून त्रास होतो, कारण खडक वेगळंच सांगतात. न्यूझीलंडच्या वायपारा नदीकाठी सापडलेला वायमानू हा आद्य पेंग्विन सुमारे ६ कोटी १० लाख वर्षांपूर्वीचा, आणि त्याचं उडणं तेव्हाच सुटलेलं होतं. ओटागोच्या किनाऱ्यावरच्या दगडांत मिळालेल्या कुमिमानू फोर्डिसी या पेंग्विनचं वर्णन २०२३ साली आलं. तो सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा, अंदाजे वजन १५४ किलो. आजचा सगळ्यांत मोठा, म्हणजे एम्परर पेंग्विन, फार तर ४५ किलोपर्यंत जातो. अंटार्क्टिकावर हिमस्तर पसरला सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी. म्हणजे पेंग्विनांतला हा महाकाय उबदार जगात, बर्फाच्या दोन कोटी वर्षं आधी घडला!

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा भरभर सांगतो. शरीर वाढतं तसा प्राणवायूचा साठा वाढतो, पण खर्च तितक्या वेगानं वाढत नाही. म्हणून मोठा पक्षी पाण्याखाली जास्त वेळ टिकतो. अडचण पंखांची आहे. हवेला मोठा पंख लागतो, पाण्याला छोटा आणि ताठ. मर नावाचा उत्तर गोलार्धातला समुद्रपक्षी दोन्ही कामं एकाच पंखांनी करतो. त्याला उडायला केवढी प्रचंड ऊर्जा लागते, ते २०१३ साली मोजलं गेलं. वजन जेमतेम एक किलो. पंखांनी पोहून पुन्हा उडणाऱ्यांची मजल साधारण तिथेच संपते. (पायांनी पाणी कापणारा आपला पाणकावळा या हिशोबात धरू नका.) उडणं सोडलं की ही मर्यादा उठते. मरचाच नातलग ग्रेट ऑक, न उडणारा, पाच किलोंचा होता. आइसलंडजवळच्या एल्डी बेटावर १८४४ साली त्याची शेवटची जोडी मारली गेली. उत्तर पॅसिफिकमधले प्लोटोप्टेरिड हे नामशेष पक्षी तर पाणकावळ्याच्या दूरच्या नात्यातले, पण उडणं सोडून पंखांनी पोहू लागले आणि त्यांच्यातही महाकाय जाती झाल्या.

मग हे महाकाय गेले कुठे? दातांचे देवमासे आणि सील पुढे आले, त्यांच्याशी चढाओढ झाली, असं बरेच अभ्यासक मानतात. भक्ष्यासाठी की जागेसाठी, हे अजून ठरायचंय. माझा कौल जागेला. पेंग्विन कितीही मोठा झाला तरी अंडी घालायला त्याला किनाऱ्यावर यावंच लागतं, आणि सीलनाही पिल्लांसाठी तोच किनारा हवा असतो.