आधी साक्षीदाराचं मन

गुन्हा आणि न्यायाचं मानसशास्त्र शिकायला आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी दरवर्षी विचारते, हा विषय का घेतलात? उत्तर ठरलेलं: गुन्हेगाराच्या डोक्यात काय चालतं ते जाणून घ्यायचंय. मग मी सांगते, पहिले काही महिने गुन्हेगार भेटणारच नाही. भेटतील ते साक्षीदार, जबाब घेणारे पोलीस, न्यायाधीश आणि संख्याशास्त्र. शेवटचं नाव ऐकून दोन-चार चेहरे पडतात.

गुन्हाशास्त्र विचारतं, गुन्हे का घडतात आणि कशाला गुन्हा म्हणायचं हे ठरवतं कोण. न्यायव्यवस्थेच्या अभ्यासात त्यानंतरचं येतं: पोलीस ठाणं, कोर्ट, तुरुंग. मानसशास्त्राची गरज दोन्हीकडे पडते, पण ते नीट वापरलं तर. इटलीच्या लोम्ब्रोसो या डॉक्टरने 1876 साली कवट्या आणि जबडे मोजून ‘जन्मजात गुन्हेगार’ ओळखण्याचा दावा केला. तो कधीच मोडीत निघाला. ‘याच्या तोंडावरच लिहिलंय’ म्हणणारे आपण मात्र अजून आहोत!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा बर्लिनमधला एक वर्ग डोळ्यांसमोर आणा. कायद्याचे प्राध्यापक फॉन लिस्ट शिकवताहेत. दोन विद्यार्थ्यांची बाचाबाची होते, एक जण पिस्तूल काढतो, प्राध्यापक मध्ये पडतात, बार उडतो. सगळा बनाव! बाकीच्यांना सांगितलं, पाहिलंत ते लिहून काढा; काहींनी लगेच लिहिलं, काहींनी नंतर. ज्याच्या चुका सर्वांत कमी, त्याच्याही 26 टक्के गोष्टी चुकल्या होत्या. सर्वांत वाईट जबाबात 80 टक्के. जे गप्प उभे होते त्यांच्या तोंडी वाक्यं घातली गेली. आणि ही कायद्याची मुलं होती बरं का.

पुढे 1974 साली लोफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना अपघाताची फिल्म दाखवली. एका गटाला विचारलं, गाड्या ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता? दुसऱ्याला विचारलं, ‘जोरात आदळल्या’ तेव्हा किती? आठवड्याने प्रश्न आला, फुटलेली काच दिसली का? ‘आदळल्या’ ऐकलेल्या 50 पैकी 16 जण हो म्हणाले, ‘धडकल्या’वाल्या 50 पैकी 7. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. खोटं कुणीच बोलत नव्हतं, हे मला जास्त अस्वस्थ करतं.

इथे वर्गात कुणीतरी हमखास विचारतं, मग साक्षीदारावर विश्वासच ठेवायचा नाही का? ठेवायचा, विचारायची रीत बदलायची. ओळखपरेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला संशयित कोण हे ठाऊकच नसावं, नाहीतर तो नकळत एकाच चेहऱ्यापाशी रेंगाळतो. ‘खरा माणूस या रांगेत नसेलही’ हे साक्षीदाराला आधी सांगावं. आणि त्याला किती खात्री वाटते, ते त्याच्याच शब्दांत तिथल्या तिथे लिहून घ्यावं. कारण ‘हाच असावा बहुतेक’ असं चाचरत म्हणणाऱ्याला कुणी बाहेर येताना ‘बरोबर ओळखलंत’ म्हटलं, की कोर्टात तो छातीठोकपणे बोट दाखवतो.