मोडलेलं हाड आणि कॅल्शियमची गोळी

मंडळी, घरात कुणाचा हात मोडला, प्लॅस्टर पडलं, की दुसऱ्या दिवशी कॅल्शियमची डबी येते. एकाच्या जागी दोन गोळ्या दिल्या तर हाड लवकर जुळेल, असं काळजीपोटी वाटतं. तसं होत नाही. शरीरात कॅल्शियम कमी असेल तर ती कमतरता भरून काढायलाच हवी. पुरेसं असेल, तर जास्तीचं देऊन हाड लवकर जुळत नाही.

हाड म्हणजे नुसता चुना नव्हे. कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंवर कॅल्शियम आणि फॉस्फेटचे बारीक स्फटिक बसलेले असतात. स्फटिक नसतील तर हाड वाकेल, तंतू नसतील तर खडूसारखं तुटेल. नुसतं खनिज वाढवून काय होतं, हे फ्लोराइडनं दाखवलं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत हाडं ठिसूळ झालेल्या स्त्रियांना चार वर्षं रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड दिलं. मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. पण मणके मोडायचे काही लक्षणीय कमी झाले नाहीत, आणि इतर हाडं उलट जास्त मोडली!

मोडल्या जागी पहिल्या काही आठवड्यांत मऊ जोड तयार होतो, खनिज त्यात नंतर भरतं. त्या जोडाला प्रथिनं लागतात, रक्त लागतं. म्हणून डाळ, अंडी, मासे, दूध वाढवा. तंबाखू आणि मिश्री मात्र पूर्ण बंद, कारण निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळणं रखडतं.

आता गोळीचं. पाकिटामागचा मजकूर वाचा. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये खरं कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असतं. एका वेळी त्याहून जास्त घेतलं तर शोषण्याचं प्रमाण घटतं. कार्बोनेट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ते जेवणाबरोबर घ्यायचं. ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर डॉक्टरांना कॅल्शियम सायट्रेटबद्दल विचारा, त्याला आम्लाची गरज पडत नाही. थायरॉइडच्या गोळीत आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर हवं. लोहाची गोळीही कॅल्शियमबरोबर नको. सगळ्या गोळ्या सकाळच्या चहाबरोबर एकदम घेऊन लोकल पकडली, की नेमकं हेच बिघडतं.

मुतखडा झालेले लोक दूध सोडून देतात, तेही चूक. बहुतेक मुतखडे ज्यापासून बनतात, त्या ऑक्झलेटला जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच बांधून ठेवतं.

मुंबईत ऊन रग्गड, पण आपण दिवसभर छपराखाली, त्यामुळे ड जीवनसत्त्व कमी पडतं. ६०,००० युनिटांची पुडी साधारणपणे आठवड्यातून एकदाच, डॉक्टर सांगतील तितके आठवडे, दुधातून घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर रक्तातलं कॅल्शियम चढतं. मळमळ, सारखी तहान, बद्धकोष्ठ, गोंधळल्यासारखं होणं दिसलं, की पुडी आणि गोळी दोन्ही थांबवून त्याच दिवशी रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते) तपासून घ्या.