चार गाड्यांची एक गाडी
(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: सकाळ. गल्ली. एकेक शटर वर जातंय.]

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. या गल्लीत ओतकाम करणारा आहे, पलीकडे लेथवाला, त्याच्या शेजारी हार्ड क्रोमवाला, आणि कोपऱ्यावर वडापाव. यंत्राचा एखादा भाग बाजारात मिळत नसेल तर इथे तो घडवून मिळतो. आपण ज्या शेडमध्ये चाललोय तिच्यावर पाटी नाही. गरजही नाही, कुणालाही विचारा, ‘जावावाले मिस्त्री’ म्हटलं की बोट दाखवतात.

[दृश्य: जमिनीवर पसरलेले सुटे भाग. कॅमेरा हळूहळू पुढे सरकतो.]

हे सगळं जोडून एक मोटारसायकल उभी राहणार आहे. फ्रेम येझदी 250 ची. इंजिन येझदीच्याच रोडकिंग मॉडेलचं. टाकी त्याहून जुन्या जावाची, दोन्ही बाजूंना गुडघ्यांसाठी रबरी पॅड असलेली. पुढचं चाक आणि ब्रेकचा ड्रम बुलेटचा. बाकी तिन्ही टू स्ट्रोक, म्हणजे क्रँकच्या प्रत्येक फेरीला इंजिनात एक स्फोट; बुलेट फोर स्ट्रोक, दोन फेऱ्यांना एक. या घरात ती सून म्हणून आलीय असं समजा.

शुद्धतावादी लोक नाकं मुरडतील. त्यांना प्रत्येक नट मूळ कारखान्याचा हवा असतो, मग गाडी वर्षभर काचेमागे उभी राहिली तरी चालते. मिस्त्रींना गाडी चालणारी हवी. आम्ही मिस्त्रींच्या बाजूचे आहोत, हे आताच सांगून टाकलेलं बरं.

[दृश्य: जुनी छायाचित्रं, टाकीवरचं चिन्ह.]

जावा मूळची प्रागची, 1929 सालची. भारतात ‘आयडियल जावा’नं म्हैसूरला कारखाना काढला आणि 1960 पासून या गाड्या इथे तयार होऊ लागल्या. 1973 पासून त्यांवर ‘येझदी’ हे नाव आलं, 1978 मध्ये रोडकिंग आली, 1996 ला कारखाना थांबला. दूधवाले, तालुक्याचे डॉक्टर, साखर कारखान्याचे ओव्हरसियर, सगळ्यांच्या बुडाखाली ही गाडी होती. पुढे 2018 मध्ये जावाचं नाव परत आलं, दोन सायलेन्सरही आले, पण आतलं इंजिन फोर स्ट्रोक. असो.

[दृश्य: प्रेसवर क्रँक. क्लोजअप.]

आता जरा इथे थांबू. गाडीत जे काही होणार आहे ते या लोखंडाच्या तुकड्यावर अवलंबून आहे.

हा रोडकिंगचा क्रँक, पिस्टनचं वर-खाली होणं फिरण्यात बदलणारा. दोन जड चकत्या, मधे क्रँकपिन, पिनवर कनेक्टिंग रॉड. रॉड वर-खाली ओढला की ‘कट्’ असा आवाज येतो. ऐकू आला? म्हणजे बिग एंड, रॉडचं पिनवरचं बेअरिंग, गेला. जावाचा क्रँक हा दाबून जोडलेला असतो, त्यामुळे बेअरिंग बदलायचं तर प्रेसखाली धरून पिन बाहेर काढायची, नवी पिन आणि नवा रॉड घालून पुन्हा दाबायचं. दाबताना एक चकती दुसरीपेक्षा केसभर फिरते. फिरतेच. मग ती सरळ करायची.

[दृश्य: लेथच्या दोन सेंटरमध्ये क्रँक. डायलची सुई.]

क्रँक किती वाकडा फिरतो ते ही डायल दाखवते, तिच्यावरचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. मिस्त्री हातानं क्रँक फिरवतात, सुई वीस घरं हलते. जिथे उंच दाखवते तिथे खडूची खूण. क्रँक सेंटरमधून काढून, खूण वर धरून, तांब्याच्या हातोडीचा एकच घाव. परत सेंटरमध्ये. अकरा. परत खूण, परत घाव. या वेळी सुई उलट्या बाजूला पळते, घाव जोरात बसला. हाताखालचा पोरगा चुळबुळ करतोय.

“मामा, चारवर आलंय की. बसवूया.”

“दोनवर आण. गडबड काय हाय तुला?”

[काही सेकंद निवेदन नाही. हातोडी, सुई, हातोडी.]

दोन.

[दृश्य: बॅरल, आतून प्रकाश टाकलेला.]

सिलिंडरच्या भिंतीतल्या या खिडक्या म्हणजे पोर्ट. टू स्ट्रोकला व्हॉल्व्ह नाहीत, पिस्टनच वर-खाली होताना खिडक्या उघडतो आणि झाकतो. पिस्टन वर जाताना खाली क्रँककेसमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण ओढलं जातं; खाली येताना तेच मिश्रण दाबलं जाऊन या बाजूच्या पोर्टांतून वर चढतं आणि जळालेला धूर समोरून बाहेर ढकलतं. म्हणून क्रँककेसला कुठूनही हवा लागता कामा नये. ऑइल सील जुनं राहिलं, बाहेरची हवा आत शिरली, मिश्रण पातळ झालं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, की पिस्टन तापून जागीच अडकतो. क्रँककेसमध्ये वेगळं इंजिन ऑइल नसतं, म्हणून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, लिटरला साधारण 30 ते 40 मिली.

बॅरलचा, म्हणजे या सिलिंडरचा, आतला मूळ व्यास 65 मिलिमीटर. झिजलेला आहे, म्हणून बोअर मारून अर्धा मिलिमीटर मोठा केला, त्या मापाचा पिस्टन घेतला. होनिंगनंतर, म्हणजे आतून दगडानं घासल्यावर, उमटलेली ही तिरपी जाळी बघा, तेल या जाळीत धरून राहतं. आणि पिस्टनवरच्या रिंगच्या खाचेतली ही बारीक पिन. रिंग गोल फिरून तिचं टोक पोर्टच्या खिडकीत अडकू नये म्हणून ती तिथे आहे. ही पिन सैल असेल तर बाकीची सगळी मेहनत वाया.

[दृश्य: ठिणग्या. वेल्डिंग. लेथवर फिरणारी बुश.]

फ्रेम आणि इंजिन वेगळ्या मॉडेलचं, त्यामुळे इंजिन फ्रेमला धरणारं पुढचं माउंट जुळेना. पुठ्ठ्यावर आकार कापला, पुठ्ठ्यावरून पट्टी कापली. बुलेटचा ड्रम जावाच्या फोर्कमध्ये बसवायला एक्सलच्या दोन्ही बाजूंना बुश, म्हणजे पोकळ नळकांडी, लागतात. त्या शेजारच्या लेथवर चहा येईपर्यंत तयार. पेट्रोल आणि हवा मिसळणारा मूळचा जिकोव्ह कंपनीचा कार्बोरेटर आतून घासून पार ढिला झालेला, त्याच्या जागी मिकुनी कंपनीचा, आणि दोघांमधला फरक भरून काढायला ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेला मॅनिफोल्ड, म्हणजे कार्बोरेटर इंजिनला जोडणारा तुकडा. कुठल्याही कॅटलॉगमध्ये हा नग सापडणार नाही.

[दृश्य: डावा पाय, दांडी.]

आणि ही या गाडीची खासियत. डाव्या बाजूची ही एकच दांडी. आत दाबून वर उभी केली की किक. इंजिन सुरू झालं की परत पुढे पाडायची, आता तीच गिअरची दांडी. शिवाय पायानं गिअर बदलताना आतला क्लच आपोआप सुटतो, हाताचा लिव्हर दाबला नाही तरी चालतं. पहिल्यांदा चालवणारा हमखास गोंधळतो. आमचा कॅमेरामनही गोंधळला, ते फुटेज आम्ही ठेवलेलं नाही.

[दृश्य: टाकी. पेंटरचा हात.]

टाकीचे पोचे डेंटरनं काढले, लांबी (पुट्टी) भरली, घासली, मरून रंग मारला. ही क्रीम रंगाची रेघ मात्र टेप न लावता मारली जातेय. लांब केसांचा ब्रश, करंगळी टाकीवर टेकवलेली, आणि श्वास रोखलेला. पेंटरकाकांनी आयुष्यभर ट्रकांच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलं. आता ते काम स्टिकरवाल्यांकडे गेलं.

[दृश्य: कागदपत्रं, झटपट.]

कायद्याचं थोडक्यात. इंजिन बदललं की आरटीओत नोंद करावी लागते, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 फेरफारांवर बंधनं घालतं, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं, आणि 2021 च्या व्हिंटेज नियमांतल्या ‘व्हीए’ नंबरसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली लागते, त्यामुळे तो मार्ग या गाडीला बंद. टू स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, म्हणून धूरही होतो.

[दृश्य: शेडचं दार. पहिली किक.]

[निवेदन नाही. किक. किक. किक. मग आवाज.]

[दृश्य: पन्हाळ्याचा रस्ता. गाडी घाट चढतेय.]

कोल्हापूर ते पन्हाळा, वीसेक किलोमीटर. सपाटीवर कुठलीही गाडी पळते, म्हणून मिस्त्री चाचणी घाटातच घेतात. तिसऱ्या गिअरवर पूर्ण थ्रॉटल, मग एकदम क्लच दाबून इंजिन बंद, गाडी कडेला. गरम स्पार्क प्लग पान्यानं काढायचा आणि रंग बघायचा. कॉफीसारखा तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर, काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर कमी.

[दृश्य: फडक्यात धरलेला प्लग. क्लोजअप.]

पांढरा.

“मेन जेट एक नंबर मोठा टाक,” मिस्त्री म्हणतात. जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक. पोरगा खिसे चाचपतो. जेटची डबी शेडमध्येच राहिलीय. उतारावरून गाडी न्यूट्रलमध्ये खाली, आणि उद्या पुन्हा घाट.