गोळीआधी बाटली

(दृश्य : आठवडी बाजार. मेथीच्या जुड्यांवर पाणी मारणारा हात.)

मंगळवार, सकाळचे साडेसात. मेथी कोमेजू नये म्हणून ताई थोड्या थोड्या वेळाने जुड्यांवर पाण्याचा हबका मारतात. स्वतः मात्र संध्याकाळपर्यंत घोटभरच पितात. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं कुठे? त्यांची बाटली गोणपाटाखाली तशीच भरलेली असते.

चार महिन्यांत तिसऱ्यांदा त्यांना उन्हाळी लागली आहे. लघवीला आग, ओटीपोटात कळ, चार थेंब झाले की पुन्हा घाई. धण्याचं पाणी झालं, सब्जा झाला. मागच्या दोन्ही वेळी औषधाच्या दुकानातून सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या आल्या. बरं वाटलं तशा उरलेल्या गोळ्या डब्यात पडल्या. लघवी तपासायला कुणी सांगितलंच नाही.

(दृश्य : दवाखाना. झाकणाची छोटी बाटली.)

आज पहिल्यांदा त्यांच्या हातात ही बाटली आली आहे. सिस्टर आवाज खाली आणून समजावतात. आधी पाण्याने धुऊन घ्यायचं. पहिली धार सोडून द्यायची, मधली बाटलीत धरायची. झाकणाच्या आत बोट लागू द्यायचं नाही, नाहीतर त्वचेवरचे जंतूही नमुन्यात उतरतात. आणि हे सगळं अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्याआधी. गोळी घेऊन दिलेल्या नमुन्यात काहीच उगवलं नाही, असंही होतं. आजार मात्र जागच्या जागी.

बाटली दोन तासांत प्रयोगशाळेत पोचली पाहिजे, नाहीतर फ्रीजमध्ये. ई. कोलाय हा जंतू उबेत वीस मिनिटांत दुप्पट होतो. बायकांमधल्या बहुतेक मूत्रसंसर्गांमागे तोच असतो. राहतो आतड्यात. तिथून बायकांच्या मूत्राशयापर्यंतची वाट जेमतेम चार सेंटिमीटरची.

(दृश्य : काचेच्या झाकणाखाली हिरवट-निळी डिश. तारेचा लूप.)

लूपच्या टोकाला मावते ती लघवी एका मिलिलिटरचा हजारावा भाग. डिशवर तिच्या बारीक रेघा ओढल्या जातात. डिशमधला थर अगारचा आहे, समुद्रातल्या शेवाळापासून काढलेला. चायना ग्रास म्हणून आपण ज्याचं पुडिंग करतो, तोच हा पदार्थ. जंतू वाढवायला तो वापरून पाहा, असं 1881 मध्ये जर्मनीत फॅनी हेसे यांनी सुचवलं. जंतूंचा अभ्यास करणारे पती वॉल्टर यांचा जिलेटिनचा थर उन्हाळ्यात वितळून जायचा. फॅनी यांची घरची जेली मात्र उन्हाळ्यातही टिकायची. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही हाच थर ओतला जातो.

रात्रभर 37 अंशांची ऊब.

(दृश्य : इन्क्युबेटरचं दार उघडतं.)

बुधवार. निळी डिश पिवळी झाली आहे. पिवळे, ओलसर ठिपके, दाटीवाटीने. एवढ्याशा थेंबातून शंभर ठिपके उगवले, तर एका मिलिलिटरमध्ये एक लाख जंतू. संसर्ग ओळखायचा हा लाखाचा आकडा अमेरिकेतल्या एडवर्ड कास यांनी 1956 मध्ये मांडला. इथे ठिपके मोजायच्या पलीकडे गेलेत.

आता दुसरी डिश. हेच जंतू कापसाच्या बोळ्याने सगळीकडे सारखे पसरायचे आणि वर वेगवेगळी अँटिबायोटिक्स मुरवलेल्या कागदाच्या सहा चकत्या ठेवायच्या. एकेक चकती फक्त सहा मिलिमीटरची.

गुरुवार. पट्टी लावून पाहू. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकतीला जंतू अगदी खेटून वाढलेत, म्हणजे या जंतूंवर ती चालत नाही. ताईंनी दोनदा घेतलेली गोळी हीच. शेजारी नायट्रोफ्युरँटॉइन या दुसऱ्या अँटिबायोटिकची चकती, आणि तिच्याभोवती स्वच्छ, मोकळं वर्तुळ, म्हणजे तिथे जंतू वाढू शकले नाहीत. वर्तुळ 17 मिलिमीटर रुंद असलं तरी औषध चालतं, इथे 20 भरलं.

मंगळवारी नमुना घेतल्यावर डॉक्टरांनी सुरू केलेलं औषध हेच होतं, आता त्यावर शिक्कामोर्तब झालं. 100 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणानंतर, पाच दिवस. लघवी तपकिरी होते, त्याने घाबरायचं नाही. थंडी वाजून ताप आला किंवा कंबरेच्या वर पाठीत दुखलं, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. तिथे हे औषध पुरत नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

(दृश्य : पुढचा मंगळवार. बाजार.)

बाटली आज गोणपाटाखाली नाही, तराजूशेजारी आहे. अर्धी रिकामी. दुपारी दीडला ताई शेजारणीला तराजू सोपवून उठतात. बाजारतळावरच्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे. उघडं असलेलं आठ मिनिटांच्या अंतरावर.