रॉकेलचा वास आणि रीसलिंगचं वय

मंडळी, तुमच्यापुढे चार पेले आहेत. डावीकडून 2021, 2018, 2003 आणि 2010. मळा एकच, जर्मनीतल्या मोझेल नदीकाठचा. द्राक्ष एकच, रीसलिंग. चारही वाइन ड्राय, म्हणजे गोडी जवळजवळ नसलेल्या. आकडे द्राक्षं पिकली त्या वर्षांचे, आणि आज बोलायचं आहे ते या वर्षांवर. पण घोट घेण्याआधी तिसऱ्या पेल्याचा नुसता वास घ्या.

हं, पुढच्या रांगेत भुवया वर गेल्या. कुणीतरी 'रॉकेल' म्हणालंसुद्धा. बरोबर आहे, रॉकेलच. या वासाबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण त्याच्यावर झालेला अन्याय माझ्या डोळ्यांदेखत झाला आहे.

मोझेलच्याच एका गावात, नदीकाठच्या खानावळीत, यादीच्या तळाशी मला 2005 ची ड्राय रीसलिंग दिसली. तळघरातली शेवटची बाटली. मी जवळजवळ धावतच मागवली. वाढणाऱ्या तरुणाने बूच काढलं, पेल्यात थोडी ओतली, शिष्टाचार म्हणून स्वतः हुंगली, आणि त्याचा चेहरा पडला. "माफ करा, खराब झाली आहे," म्हणत तो बाटली घेऊन आत गेला. मी खुर्चीतून उठून मागे जाईपर्यंत मोरीत ओतल्याचा आवाज आला. परत आला तो आदल्या वर्षीची, बर्फात बुडवलेली बाटली घेऊन. मनापासून आला होता, म्हणून रागावताही येईना. माझ्या पेल्यात दोन घोट उरले होते, ते मी अर्धा तास पुरवले. पहिली दहा मिनिटं रॉकेलच. मग त्याच्यामागून लिंबाची साल आली, मध आला, ओल्या पाटीच्या दगडासारखं काहीतरी आलं. तो पेला मी अजून विसरलेलो नाही.

तर हा वास येतो कुठून? त्या रेणूचं नाव लांबलचक आहे, सगळे त्याला टीडीएन म्हणतात. रीसलिंगमधला रॉकेलचा वास त्याचाच, हे 1978 मध्ये दाखवलं गेलं. द्राक्षात कॅरोटिनॉइड असतात, गाजराला रंग देणाऱ्या कुळातले. त्यांच्यापासून तयार झालेली, स्वतःला वास नसलेली संयुगं वाइनमध्ये उतरतात आणि बाटलीतल्या आम्लात वर्षानुवर्षं सावकाश तुटत टीडीएन होतात. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम झाले की नाकाला कळतं. घडांवर ऊन जास्त पडलं, तर ही पूर्वतयारीही जास्त. बूच यातलं बरंचसं शोषून घेतं, स्क्रू कॅप, म्हणजे फिरवून उघडायचं झाकण, फारसं घेत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीच्या अनेक उत्पादकांनी 2000 च्या हंगामापासून मिळून स्क्रू कॅप स्वीकारली. तिथली मुरलेली रीसलिंग हुंगताना हे लक्षात ठेवा.

ड्राय म्हणजे किती ड्राय, हा प्रश्न मघाशी आला होता. जर्मन नियमाने 'ट्रोकन', म्हणजे ड्राय, वाइनमध्ये लिटरला 9 ग्रॅमपर्यंत साखर चालते, पण ती आम्लतेच्या आकड्यापेक्षा 2 ग्रॅमहून वर जायला नको. म्हणजे कायद्यानेसुद्धा साखर आम्लाच्या हिशेबात मोजली आहे. मला हा नियम फार आवडतो.

चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा राहिलाच, तो आता भरभर.

लोक रॉकेलचा वास वयाचं घड्याळ समजतात. तसं नाही, त्यात त्या वर्षीचं ऊनही मोजलं जातं. 2018 तापलेलं, कोरडं वर्ष. 2010 थंड, पीक थोडं, आम्लता इतकी की अनेकांनी ती मुद्दाम उतरवली. त्यामुळे 2018 च्या पेल्यात हा वास 2010 च्या आधी जाणवला तर चकित होऊ नका. 2003 चा उन्हाळा युरोपात भाजणारा होता. द्राक्षातलं आम्ल इतकं घटलं की एरवी जिथे बंदी असते तिथेही ते वरून घालायला त्या वर्षी परवानगी मिळाली. म्हणूनच मी वयाचा क्रम मोडून 2003 ला 2010 च्या आधी ठेवलं आहे. उलट ठेवलं असतं, तर 2010 च्या आंबट धारेनंतर 2003 अगदी सपाट लागली असती, आणि दोष मात्र म्हातारपणाला गेला असता.

2021 पुन्हा थंड आणि ओलं वर्ष. आज सफरचंद, लिंबू, सगळं समोर आहे. पहिल्या तजेल्याचे हे वास आंबवण्यात तयार झालेल्या एस्टर नावाच्या सुवासिक संयुगांचे, ते पहिल्या काही वर्षांत ओसरतात. मुरलेला सुगंध तोवर आलेला नसतो. त्या मधल्या काळात बाटली मुकी वाटते आणि लोक नाराज होऊन उरलेल्या बाटल्या वाटून टाकतात. मीही पूर्वी दिल्या आहेत. तळाशी काचेसारखे खडे दिसले तर घाबरू नका, ते टार्टारिक आम्लाचे क्षार आहेत.

पेले एव्हाना बारा अंशांच्या आसपास आले असतील. बर्फ लागणार नाही. पहिला 2021. आणि तिसरा कुणीही ओतून देऊ नका, नको असेल तर माझ्याकडे पाठवा.